प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, तेव्हा देव कुठे असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्या शुश्रूषेपायी नोकरी गेली, घरात रोज रात्री रोझरीची, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या प्रार्थनेची, जपमाळ होते, रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणे सहसा चुकत नाही, आणि तरीही गेले कित्येक महिने प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणे झाले आहे. देवाने पाठ फिरवली आहे का, आपल्या श्रद्धेतच खोट आहे का, आणि मन थाऱ्यावर नसताना मिस्साला जाऊन बसणे हे ढोंग तर नव्हे ना, असे तीन प्रश्न त्यातून निघतात. आध्यात्मिक साधनेला येणाऱ्यांना आणि आजाऱ्यांच्या घरच्या माणसांना सोबत करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. हे तिन्ही प्रश्न बहुधा एकत्रच येतात, आणि प्रार्थना सोडून दिलेली माणसे ते क्वचितच विचारतात. जे अजून नेमाने प्रार्थनेला बसतात, त्यांनाच देवाचे मौन असे बोचते.

सर्वांत आधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. देव उपस्थित असणे ही एक गोष्ट आणि त्याच्या उपस्थितीची आपल्याला जाणीव होणे ही दुसरी. कॅथलिक श्रद्धा या उपस्थितीचा आधार आपल्या भावनेत शोधत नाही, देवाच्या वचनात आणि कृतीत शोधते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या सातव्या परिच्छेदात ख्रिस्त आपल्या ख्रिस्तसभेत, म्हणजे चर्च या श्रद्धावंतांच्या मंडळीत, कोठे कोठे उपस्थित असतो ते सांगितले आहे : मिस्साबलिदान अर्पण करणाऱ्या धर्मगुरूत, विशेषेकरून ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सातल्या पवित्र भाकर व द्राक्षारसाच्या) रूपांत, साक्रामेंतांत (ख्रिस्तसभेच्या पवित्र संस्कारांत), वाचल्या जाणाऱ्या देवशब्दात आणि प्रार्थनेसाठी जमलेल्या समुदायात. भक्ताला जाणवले तरच, अशी अट त्यात कोठेही घातलेली नाही. अनुभूती आली तर ती कृपादान समजून आभार मानावेत; आली नाही म्हणून देवाविषयी निष्कर्ष काढू नये. सततच्या जागरणात, शोकात, पैशाच्या विवंचनेत माणसाची जाणीवच बधिर होते. जेवणाची चव लागत नाही, आवडते गाणे ऐकवत नाही, लहान मुलाच्या हसण्यानेही आत काही हलत नाही. अशा वेळी प्रार्थनेतली जाणीव तेवढी शाबूत राहावी, ही अपेक्षा कशाच्या बळावर ठेवायची?

श्रद्धेत खोट आहे का, या शंकेला संतांच्या चरित्रांतून बरेच उत्तर मिळते. मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. ज्या बाईच्या चेहऱ्यावरचे हसू जगाने पाहिले होते, तिने जवळजवळ अर्धे शतक आतून अंधारच सोसला होता. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली धर्मभगिनी संत तेरेजा हिच्यावर 1896 च्या ईस्टरच्या सुमारास श्रद्धेची जी कसोटी ओढवली, ती 30 सप्टेंबर 1897 रोजी, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत संपली नाही. स्वर्ग म्हणून काही आहे का, असा संशय तिला छळत होता; त्या दिवसांत तिने श्रद्धेचा अंगीकार स्वतःच्या रक्ताने कागदावर लिहून उराशी बाळगला. मात्र ही उदाहरणे सांगताना मी जपून सांगते. दमलेल्या माणसाला संतांची थोरवी ऐकवली की कधी कधी त्याच्या खांद्यावर आणखी एक ओझे चढते : त्यांनी सोसले आणि मला एवढेही जमत नाही! त्यांच्या चरित्रांतून इतकेच घ्यावे की अंधार हा अश्रद्धेचा पुरावा ठरत नाही. त्याच लिझ्यूच्या तेरेजेला प्रार्थनेत वर्षानुवर्षे झोप लागत असे, आणि त्याबद्दल खंत करण्याऐवजी ती म्हणे की आईबापांना झोपलेले मूल जागे असताना वाटते तितकेच लाडके असते. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसून पहाटे जपमाळ हातात घेतल्यावर ज्यांची मान कलते, त्यांनी एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी चालेल.

या अवस्थेचा सर्वांत नेमका विचार, माझ्या मते, येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी केला आहे. 1522 साली स्पेनमधल्या मानरेसा येथे त्यांना स्वतःला पापशंकांनी, म्हणजे आपले पाप राहून गेले की काय या सततच्या शंकांनी, इतके ग्रासले होते की जीव द्यावा असे विचार मनात येत. त्यामुळे मनाच्या अशा चढउतारांविषयीचे त्यांचे नियम ऐकीव ज्ञानावर बेतलेले नाहीत. मन देवाकडे ओढ घेते, हलके होते, त्या अवस्थेला ते सांत्वन म्हणतात. मन कोरडे, जड, अस्वस्थ होते आणि देव दुरावल्यासारखा वाटतो, तिला आपण शुष्कता म्हणू. ही शुष्कता का येते याची ते तीन कारणे देतात. कधी आपला स्वतःचा आळस व हयगय, कधी सांत्वनाचा मोबदला मिळत नसतानाही आपण किती टिकतो याची पारख, आणि कधी सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे याची खरी ओळख. प्रश्नकर्त्यासारखी प्रामाणिक माणसे यांतले पहिले कारण तेवढे उचलतात आणि स्वतःला दोष देत बसतात. हयगय झाली असेल तर ती सहसा बोट ठेवून दाखवता येते : अमुक दिवसांपासून प्रार्थना सोडली, अमुक माणसाशी वैर धरले, अमुक गोष्ट लपवली. तसे काही सापडले तर धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे आणि विषय तेथे संपवावा. शोधूनही सापडत नसेल तर खणत बसू नये. धूसर, बिननावाची अपराधी भावना ही क्वचितच देवाकडून येते.

त्यांचाच दुसरा नियम व्यवहारात अधिक उपयोगी पडतो. शुष्कतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि कोरडेपणा प्रार्थना आखडती घ्यायला सांगत असेल तर उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच थांबावे. मूळ सूचना साधनेत एक तास ध्यानाला बसणाऱ्यांसाठी आहे. घरात आजारी माणूस असणाऱ्याने तासाचा हट्ट धरू नये. दहा मिनिटे ठरवली असतील तर अकरा मिनिटे बसावे. त्या वाढीव मिनिटात काही घडावे अशी अपेक्षा नाही. आपली प्रार्थना मनाच्या लहरीवर चालत नाही, हे त्या मिनिटाने आपल्यालाच कळते. सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत, आविलाची तेरेजा, प्रार्थनेची थोर आचार्या मानली जाते, पण आयुष्यातल्या एका दीर्घ काळात प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच आपले कान लागलेले असत, अशी कबुली तिने मोकळेपणाने दिली आहे.

आता प्रार्थनेत बोलायचे काय, याकडे येते. पुष्कळ जण घरात रडतात आणि देवापुढे आल्यावर चेहरा सावरून छापील नम्रतेने बोलू लागतात. मग ती प्रार्थना पोकळ वाटते यात नवल नाही, कारण जे बोलायचे होते ते बाजूलाच राहिले. पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी धीट आहे. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील स्तोत्रांचा मोठा भाग विलापाचा आहे. तेरावे स्तोत्र घ्या. ते इतके लहान आहे की दवाखान्याच्या बाकावर बसूनही वाचून होते. सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' असा सवाल येतो : देवा, तू मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार, मी मनात दुःख कोठवर वागवायचे, शत्रूने माझ्यावर कोठवर वरचढ व्हायचे. त्यानंतर मागणे येते, माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. आणि शेवटी, परिस्थितीत काही बदल झाल्याचा उल्लेखही नसताना, स्तोत्रकर्ता म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.

हे स्तोत्र प्रार्थनेसाठी घ्यायचे असेल तर मी असे सुचवते. पहिला 'कोठवर' वाचून थांबा आणि त्यात तुमची स्वतःची गोष्ट घाला : वडिलांच्या पाठीची जखम कोठवर चिघळणार, घरभाड्यासाठी कोठवर हात पसरायचा. मोठ्याने म्हणता आले तर मोठ्याने म्हणा. मग पुढच्या ओळीकडे जा. एखाद्या दिवशी मागण्यापर्यंतच पोहोचलात आणि भरवशाची ओळ तोंडातून निघेना, तर ती ओढूनताणून म्हणू नका. पुस्तक मिटा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या 'कोठवर'पासून सुरू करा. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटी उजेडाची ओळच नाही, ते अंधाराच्या शब्दावर संपते, आणि ख्रिस्तसभेने आपल्या नित्य प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री म्हणण्यासाठी हेच स्तोत्र निवडले आहे. जी ख्रिस्तसभा हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी घालते, ती तक्रारीला पाप मानत नाही हे उघड आहे. देवाविषयी लोकांपुढे कुरकुर करणे वेगळे आणि देवापुढे उभे राहून त्यालाच जाब विचारणे वेगळे. दुसऱ्यात नाते तुटलेले नसते. मार्थेने आपला भाऊ लाजर याच्या मृत्यूनंतर येशूला गाठून ऐकवले की प्रभू, तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू तिला दटावत नाही, आणि थोड्याच वेळाने तो स्वतः रडतो.

अटकेच्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेवर मी साधनेत नेहमी जास्त वेळ देते, कारण देवाने ऐकले नाही, या तक्रारीचा उलगडा तेथे होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार येशूने तेथे तीनदा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळीही तेच शब्द उच्चारले. म्हणजे त्या रात्री त्यालाही नवे शब्द सुचले नाहीत. हा प्याला माझ्यावरून टळो, हे मागणे त्याने लपवले नाही. माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतर आले. आपण बहुधा पहिले वाक्य गाळतो आणि थेट दुसऱ्यावर उडी मारतो, म्हणून ते शरणागतीचे न राहता हताशपणाचे होते. प्याला तर टळला नाही. लूक सांगतो की स्वर्गातून एक दूत येऊन त्याला बळ देत होता, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत तो अत्यंत विव्हळ होऊन अधिक आग्रहाने प्रार्थना करू लागला असे येते. बळ मिळाले तरी वेदना हटली नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याविषयी एक विलक्षण वाक्य आहे : मोठ्या आक्रोशाने व अश्रूंनी त्याने प्रार्थना केली, आणि ती ऐकण्यात आली. ज्याला दुसऱ्याच दिवशी क्रुसावर खिळले, त्याची प्रार्थना ऐकण्यात आली असे शास्त्र म्हणते! मग ऐकण्यात येणे म्हणजे संकट टळणे, एवढाच अर्थ आपण लावत असू तर तो अपुरा आहे. पित्याने त्याला मरणाच्या बाहेरून वाचवले नाही, मरणातून पार नेले. तुमच्या वडिलांचा आजार बरा व्हावा हे मागणे योग्यच आहे, ते रोज मागा. ते मान्य झाले नाही तर प्रार्थना वाया गेली, असे मात्र ख्रिस्ताच्या बाबतीत म्हणता येत नाही, आणि म्हणून आपल्याही बाबतीत म्हणता येत नाही.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घ्यावेत. व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन यांना 15 ऑगस्ट 1975 रोजी अटक झाली, आणि पुढची तेरा वर्षे, त्यांतली नऊ एकांतवासात, त्यांनी बंदिवासात काढली. पोटाच्या विकारावरचे औषध म्हणून त्यांनी बाहेरून थोडा द्राक्षारस मागवून घेतला होता. तळहातावर त्याचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करत. इतका खंबीर माणूस, पण प्रार्थना करताच येत नाही असे दीर्घ काळ त्यांच्याही वाट्याला आले, आणि त्या काळात 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मरिया' आणि उपासनेतल्या ठरावीक प्रार्थना यांनाच ते धरून राहिले, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 सालच्या आशेवरील परिपत्रकात नमूद केले आहे. तोंडपाठ प्रार्थना म्हणजे दुय्यम प्रार्थना, हा समज सुखाच्या दिवसांतला आहे. मनात दोन शब्द जुळत नाहीत अशा वेळी शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेले शब्दच कामी येतात. शिवाय ते एकट्याचे नसतात, त्या क्षणी जगात कोठेतरी दुसरेही कोणी तेच म्हणत असते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल याहून पुढे जाऊन म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तेव्हा नुसता सुस्काराही वाया जात नाही.

जपमाळेविषयी एक व्यावहारिक सूचना. सगळी पाच दशके, म्हणजे दहा-दहा 'नमो मरियां'चे पाच भाग, एका बैठकीत झालीच पाहिजेत असा नियम करून घेऊ नका. एक दशक सकाळी, एक औषधाच्या रांगेत, एक रात्री, असे विभागून म्हटले तरी ती जपमाळच. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे चिंतनासाठीचे प्रसंग, येतात. ज्या रहस्यात तुमचे घर दिसते, त्यावर इतर दिवशीही थांबायला कोणाची हरकत नाही. ध्यान लागत नसेल तर मणी बोटांतून सरकू द्या आणि प्रत्येक 'नमो मरिया' एकेका माणसासाठी म्हणा : वडिलांसाठी, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी, ज्याने कामावरून कमी केले त्याच्यासाठीही. शेवटचे जड जाते, पण पुष्कळांची प्रार्थना नेमकी तेथेच अडलेली असते.

आता ढोंगाचा प्रश्न. मन लागत नसताना मिस्साला जाणे हे ढोंग आहे का? आपल्याला नसलेली भक्ती लोकांना दिसावी म्हणून केलेला आव म्हणजे ढोंग. मन कोरडे असूनही देवाने बोलावले म्हणून जाणे याला निष्ठा म्हणतात. मिस्साबलिदान ही मुळात आपली कामगिरी नाहीच. ते ख्रिस्ताचे अर्पण आहे आणि आपण त्यात सामील होतो. गाता येत नसेल तर गाऊ नका, मागच्या बाकावर बसा, प्रवचन कानावरून गेले तर जाऊ द्या. अर्पणाच्या वेळी मात्र एवढे मनात म्हणा की आज माझ्याकडे हा थकवाच आहे, तो घे.

त्याच वेळी, जे माहीत नसल्याने माणसे विनाकारण कष्टी होतात, तेही सांगायला हवे. रविवारच्या मिस्साचे बंधन गंभीर आहे, पण आजारपण किंवा ज्याला एकटे सोडता येत नाही अशा रुग्णाची शुश्रूषा हे ते चुकण्याचे रास्त कारण आहे, त्यात पाप नाही. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काही न खाण्याचा जो नियम आहे, त्यातून वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना धर्मकायद्याच्या 919 व्या कलमाने मोकळीक दिलेली आहे. वडिलांना चर्चमध्ये नेता येत नसेल तर धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, कळवा. धर्मगुरू किंवा नेमलेले सेवक ख्रिस्तप्रसाद घरी आणतात, आणि सेवा करणाऱ्यालाही त्याच वेळी तो घेता येतो. ही मागणी करताना संकोचाचे काहीही कारण नाही.

रुग्णांच्या तैलाभ्यंगाविषयी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या साक्रामेंताविषयी, थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे गैरसमज फार खोल आहे. धर्मगुरूला तेल घेऊन बोलावले म्हणजे आता आशा संपली, अशा भीतीने घरची माणसे दिवसामागून दिवस ढकलतात, आणि धर्मगुरू येतात तेव्हा रुग्ण बेशुद्ध असतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कोणी आजारी असेल तर वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे म्हटले आहे. तेथे मरणाचा उल्लेख नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा साक्रामेंत केवळ मृत्यूच्या दारात असलेल्यांसाठी नाही असे स्पष्ट केले आणि पोप सहावे पॉल यांनी 1972 साली त्याचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर आजारात, वार्धक्याने खूप अशक्तपणा आला असता, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो, आणि प्रकृती आणखी खालावली तर पुन्हाही घेता येतो. धर्मगुरू रुग्णाच्या डोक्यावर शांतपणे हात ठेवतात, मग कपाळावर आणि दोन्ही हातांवर तेल लावून पवित्र आत्म्याच्या कृपेने प्रभूने तुला साहाय्य करावे अशा अर्थाची प्रार्थना म्हणतात. रुग्णाला ती ऐकू येत असेल, तिला 'आमेन' म्हणता येत असेल, अशा वेळीच बोलावणे चांगले. घरच्यांनी खाटेभोवती उभे राहावे. देव कुठे आहे हा प्रश्न घरात कितीही दिवस घुमत असला, तरी त्या घटकेला ख्रिस्तसभेचे उत्तर हाताने आणि तेलाने दिले जाते.

शरीराचाही विचार व्हायला हवा, आणि धार्मिक माणसे तो सर्वांत शेवटी करतात. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. दूत त्याला उठवून म्हणतो, ऊठ, खा. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो, आणि दूत दुसऱ्यांदा तेच सांगतो. होरेब पर्वतावरची देवाची भेट त्यानंतर चाळीस दिवसांनी येते. उपदेशाआधी भाकर, पाणी आणि झोप हा क्रम शास्त्रातलाच आहे. म्हणून कोणी मला प्रार्थनेतल्या अंधाराविषयी सांगते तेव्हा मी आधी झोप, भूक आणि एकटेपणा यांची चौकशी करते. स्पॅनिश संत व कवी जॉन ऑफ द क्रॉस यांनी ज्या अंधाऱ्या रात्रीविषयी लिहिले, तिच्यात देवाच्या गोष्टींत रस उरत नाही तसा जगाच्या गोष्टींतही उरत नाही, ध्यान पूर्वीसारखे जमत नाही, पण आपण देवाची सेवा नीट करत नाही ही काळजी मात्र जिवंत असते. बाहेरून ही अवस्था आणि नैराश्याचा आजार सारखे दिसू शकतात, दोन्ही एकाच वेळी असूही शकतात, आणि त्यांचा निवाडा माणसाने एकट्याने करू नये. झोप उडालेली आहे, रोजची कामे होत नाहीत, जगण्यात अर्थ नाही असे दोन आठवड्यांहून अधिक काळ वाटत आहे, तर डॉक्टरांकडे जा. जीव द्यावा असा विचार मनात आला तर त्याच दिवशी जा आणि घरात कोणाला तरी सांगा. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही.

धीर द्यायला येणाऱ्यांपासून थोडे जपून राहावे, हेही सांगते. बायबलमधल्या, निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होते. बोलू लागले आणि सगळे बिघडले. तुझ्याच पापाचे हे फळ, असा त्यांचा सूर होता, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप ईयोबावर होत नाही, त्या मित्रांवर होतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले तेव्हा येशूने याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर दिले. तरीही संकटातल्या घरी जाऊन कोणाच्या तरी पापाचा हिशेब मांडणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद घालण्याइतकी ताकद नसेल तर चहा देऊन वाटेला लावावे. ही प्रार्थना अमुक वेळा म्हणा आणि इतक्यांना पाठवा, काम झालेच म्हणून समजा, असे मोबाईलवर फिरणारे निरोप पुढे पाठवू नयेत. प्रार्थनेची शक्ती केवळ शब्दांच्या आकड्यात आहे असे मानणे याला ख्रिस्तसभेची धर्मशिकवण अंधश्रद्धाच म्हणते. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करावी, जरूर करावी. नवव्या दिवशी बिल वसूल होईल या हिशेबाने करू नये.

देवाची उपस्थिती ओळखण्याची सवय लावणारी एक छोटी साधना इग्नेशियसांच्या परंपरेत आहे, तिला आपण दिवसाचे परीक्षण म्हणू. बाकी काही जमले नाही तरी ही सोडू नका, असे मी सांगते. झोपण्यापूर्वी पाच-सात मिनिटे पुरतात. प्रथम पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, कारण दिवस आपल्याच नजरेने पाहिला तर फक्त कटकटी दिसतात. मग सकाळपासून घटना एकेक करून पाहायच्या आणि ज्याबद्दल आभार मानता येईल अशी गोष्ट शोधायची. ती ठोस असावी. 'देव चांगला आहे' असे मोघम नको. परिचारिकेने वडिलांना कुशीवर वळवताना आधी त्यांची परवानगी विचारली, असे हवे. जुना सहकारी फोन करून म्हणाला की एका ठिकाणी जागा आहे, असे हवे. दुपारी मला वडिलांचा राग आला होता पण तोंडातून शब्द गेला नाही, असे हवे. तो शब्द अडला तेथे कृपा काम करत होती. त्यानंतर जेथे चुकले तेथे क्षमा मागायची, आणि उद्याच्या एखाद्या अवघड घटकेसाठी मदत मागून थांबायचे. सुरुवातीचे काही दिवस काहीच सापडत नाही, मग एखादी गोष्ट सापडते. ती वहीत एका ओळीत टिपून ठेवावी, कारण शुष्कतेत स्मृती फार दगा देते. देवाने कधीच काही केले नाही असे ती शपथेवर सांगते, आणि वही तिला खोटे पाडते. लूकच्या शुभवर्तमानातल्या अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनाही पुनरुत्थित येशू बरोबर चालत असताना ओळखू आला नाही. भाकर मोडल्यावर तो ओळखू आला, आणि वाटेत आपले अंतःकरण पेटले होते हे त्यांच्या मागाहून ध्यानात आले. जगताना कळत नाही ते मागे वळून पाहताना कळते, असे बहुतेकांच्या बाबतीत घडते.

जपमाळ बंद करू का, मिस्सा सोडू का, चर्चमधली सेवा थांबवू का, असे निर्णय आत्ता घेऊ नका. भार कमी करायचा असेल तर तो जरूर करा : तासाची प्रार्थना दहा मिनिटांवर आणा, तीन समित्यांवर असाल तर दोन सोडा. प्रकृतीच्या आणि वेळेच्या मर्यादेमुळे केलेला बदल वेगळा आणि आता काही उपयोग नाही म्हणून वैतागून टाकलेले पाऊल वेगळे; दुसऱ्या प्रकारचे पाऊल इग्नेशियसांचा नियम अडवतो. याबाबत एकट्याने किल्ला लढवण्यापेक्षा कोणाला तरी सोबत घेणे बरे. तुमच्या धर्मग्रामातले धर्मगुरू, एखादी धर्मभगिनी, किंवा आध्यात्मिक मार्गदर्शनाचे शिक्षण घेतलेला प्रापंचिक माणूसही चालेल. जो तुमचे बोलणे पुरते ऐकून घेण्याआधीच उत्तर देऊ लागतो, तो टाळा. महिन्यातून एकदा भेटणे पुरेसे असते, आणि त्या भेटीला वही बरोबर न्यावी. वेळ मात्र आधी मागून घ्या. मिस्सा संपल्यावर दारात उभ्याउभ्या या विषयावर बोलणे होत नाही.